शरीरप्रकार आणि बास्केटबॉल कौशल्यांचे अध्ययन : बारामती व इंदापूर परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात 'शरीरप्रकार' ही संज्ञा जितक्या सहजपणे वापरली जाते तितक्या काळजीने शरीरप्रकार मोजला जात नाही. महाविद्यालयीन वर्ष सुरू झाले की क्रीडा विभागाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी संघ बांधावे लागतात. मैदानावर जमलेल्या नव्या विद्यार्थ्यांकडे पाहून पहिल्या दोन-तीन दिवसांतच निर्णय होतात. हा उंच आहे, याला बास्केटबॉलला ठेवा. हा अंगाने भरलेला आहे, याला गोळाफेकीला पाठवा. ही फारच किडकिडीत, हिला चेंडू पेलवणार नाही. हे निर्णय घेणारे शिक्षक अनुभवी असतात व त्यांचा हेतूही चांगला असतो. तथापि या निर्णयांच्या मुळाशी एक गृहीतक असते, ते असे की विद्यार्थ्याचे शरीर पाहून तो एखादे कौशल्य किती शिकू शकेल हे सांगता येते.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत हे गृहीतक तपासून पाहण्याची विशेष गरज आहे. मोरगाव, सुपे, पणदरे, निमगाव केतकी, पळसदेव, भिगवण अशा गावांतून एस.टी.ने महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी शाळेत कबड्डी, खो-खो, फार तर व्हॉलीबॉल खेळलेला असतो. बास्केटबॉल ते प्रथम हातात घेतात तो महाविद्यालयाच्या मैदानावर, वयाच्या सोळाव्या ते अठराव्या वर्षी. शहरातील मुलाने याच वयापर्यंत पाच-सहा वर्षे खेळ खेळलेला असू शकतो. त्यामुळे येथे शिक्षकाला दिसते ते केवळ शरीर. खेळ अजून दिसायचाच असतो. ज्याला पहिल्या आठवड्यात बाजूला केले जाते त्याच्यासाठी तो खेळ तेथेच संपतो. गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत असलेले ५ टक्के समांतर आरक्षण लक्षात घेता या वगळण्याचे परिणाम मैदानापुरते राहत नाहीत.

शरीरप्रकाराचा बास्केटबॉलची कौशल्ये शिकण्याशी संबंध निश्चितपणे आहे. परंतु तो शिकण्याच्या पात्रतेशी नसून शिकण्याच्या वाटेशी आहे. कोणत्या कौशल्यात कोणाला आधी अडेल, कोणती चुकीची सवय लागेल आणि सरावाच्या किती आवृत्त्या पदरात पडतील हे शरीरावरून बऱ्याच अंशी सांगता येते. तो किती शिकेल हे मात्र त्यावरून ठरत नाही. या भेदाची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शरीरप्रकाराची संकल्पना व मोजमाप :

माणसांची शरीरावरून विभागणी करण्याची प्रवृत्ती जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात आठ प्रकारची शरीरे निंदित मानली असून त्यांत अतिस्थूल व अतिकृश, अतिदीर्घ व अतिऱ्हस्व यांचा समावेश आहे. युरोपात अर्न्स्ट क्रेश्मर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९२१ मध्ये शरीराची ठेवण आणि स्वभाव यांची सांगड घातली. क्रीडाक्षेत्रात आज वापरली जाणारी परिभाषा मात्र अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांची आहे. महाविद्यालयीन तरुणांच्या सुमारे ४,००० छायाचित्रांच्या आधारे त्यांनी १९४० मध्ये तीन घटक मांडले. मेदाचे प्राबल्य दाखविणारा तो एंडोमॉर्फी, हाडे व स्नायूंचे प्राबल्य दाखविणारा मेसोमॉर्फी आणि लांबट, कृश बांधा दाखविणारा एक्टोमॉर्फी. मराठीत यांना अनुक्रमे मेदप्रधान, स्नायुप्रधान व कृशप्रधान असे म्हणता येईल. शेल्डन पुढे शरीरावरून स्वभाव सांगू लागले, शरीरप्रकार आयुष्यभर बदलत नाही असेही त्यांनी मानले. या दोन्ही दाव्यांवर कठोर टीका झाली. दुर्दैवाने आपल्या मैदानांवर त्यांच्या संशोधनातील हाच टाकाऊ भाग सर्वांत टिकून राहिलेला दिसतो. जाड मुलगा आळशी आणि बारीक मुलगा भित्रा, हे आपण शेल्डन न वाचताही म्हणत असतो.

शेल्डन यांच्याबरोबर काम केलेल्या बार्बरा हीथ यांनी पुढे लिंडसे कार्टर यांच्यासह १९६७ मध्ये सुधारित पद्धत प्रसिद्ध केली. आज संशोधनात 'शरीरप्रकार' म्हटले की हीच हीथ-कार्टर पद्धत अभिप्रेत असते. तीत छायाचित्राऐवजी दहा मापे पुरेशी होतात. उंची व वजन. दंडाची मागील बाजू, खवाट्याच्या हाडाचा खालचा कोन, कमरेच्या हाडाच्या वरचा भाग व पोटरी या चार ठिकाणच्या त्वचाघडीची जाडी. कोपर व गुडघा येथील हाडांची रुंदी. आणि आवळलेल्या दंडाचा व पोटरीचा घेर. या मापांवरून तीन आकडे निघतात. उदाहरणार्थ २-५-३ असे लिहिल्यास मेद कमी, स्नायू ठळक व कृशता मध्यम असा अर्थ होतो. म्हणजेच प्रत्येक माणसात तिन्ही घटक असतात. विद्यार्थ्यांची 'जाड, पिळदार, बारीक' अशा तीन रांगांत विभागणी करणे ही आपली सोय आहे, पद्धतीचा तो आशय नव्हे.

यांपैकी कृशतेचा आकडा सर्वांत सोपा. उंचीला वजनाच्या घनमुळाने भागावयाचे. १६५ से.मी. उंच व ५० किलो वजनाच्या विद्यार्थ्याचे हे गुणोत्तर सुमारे ४४.८ येते व त्यावरून कृशतेचा अंक ४.२ मिळतो. तेवढ्याच उंचीचा विद्यार्थी ७० किलोचा असेल तर गुणोत्तर ४० च्या जवळ येते आणि अंक १ च्याही खाली, ०.९ वर उतरतो. उंची तीच राहून वजनातील वीस किलोंनी अंक कोठल्या कोठे गेला. परंतु ते वीस किलो मेदाचे की स्नायूंचे, हे या अंकातून कळत नाही. त्यासाठी त्वचाघडी मोजण्याचा चिमटा, म्हणजे स्किनफोल्ड कॅलिपर, हातात घ्यावाच लागतो. येथे एक व्यावहारिक बाब नमूद करणे आवश्यक वाटते. ही मापे विद्यार्थ्याची संमती घेऊन, आडोशाला घ्यावयाची असतात आणि विद्यार्थिनींची मापे महिला सहकाऱ्यानेच घ्यावयाची असतात. वर्गासमोर वजन मोठ्याने उच्चारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे; तिच्यामुळे पुढच्या तासाला कोण येणार नाही हे सांगायला संशोधन लागत नाही.

पुणे जिल्ह्यातील शरीर डोळ्यांना का फसवते :

शरीरप्रकाराचे निकष पाश्चात्त्य तरुणांच्या शरीरांवरून घडले. आपल्या विद्यार्थ्यांना ते लावताना ज्या संशोधनाची दखल घ्यायला हवी ते योगायोगाने पुणे जिल्ह्यातच झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या बाळांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्मवेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. आश्चर्य पुढेच आहे. आपली बाळे लहान होती, त्यांच्या दंडाचा व पोटाचा घेर बराच कमी होता. परंतु त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतून 'कृश तरीही मेदयुक्त भारतीय बाळ' ही कल्पना जगभर पोहोचली. पुढील वर्षी, २००४ मध्ये, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे व ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही वजन-उंचीवर आधारित बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते.

हे संशोधन मधुमेहाच्या संदर्भातील आहे, खेळाच्या नव्हे. तरीही क्रीडाशिक्षकाला त्यातून मोठा बोध घेता येतो. मैदानावर जो विद्यार्थी सडपातळ दिसतो व ज्याला आपण सरळ कृशप्रधान समजतो, त्याच्या शरीरात स्नायू अपेक्षेपेक्षा कमी व मेद अपेक्षेपेक्षा जास्त असण्याची शक्यता आपल्याकडे अधिक आहे. असा विद्यार्थी उंच उडी मारील, चपळ असेल अशी अपेक्षा ठेवून त्याला सराव दिला जातो. तो थकतो, आणि मग त्याला 'दम नाही' असा शेरा मिळतो. नीरा डाव्या कालव्यावरच्या बागायती गावचा मुलगा धष्टपुष्ट व जिरायती पट्ट्यातला मुलगा काटक, असाही एक समज या भागात आहे. बोलण्यापुरता तो ठीक असला तरी निवडीला आधार म्हणून तो कुचकामी आहे.

यात वयाचाही भाग असतो. वाढीच्या काळात उंची झपाट्याने वाढण्याचा टप्पा आधी येतो, ताकद वाढण्याचा टप्पा त्यानंतर. अकरावीतील काही मुले हा दुसरा टप्पा पूर्ण करून आलेली असतात, काही त्याच्या मध्यावर असतात. उशिरा वयात येणाऱ्या मुलाचा आजचा कृश बांधा हा दोन वर्षांनंतरचा बांधा नसतो. हीथ व कार्टर यांनी शरीरप्रकार हा त्या वेळेपुरता असतो, काळानुसार बदलतो, असे मानले ते याचसाठी महत्त्वाचे आहे.

उंचीचा प्रश्न :

बास्केटबॉलमध्ये शरीराचा विचार म्हणजे उंचीचा विचार, असे कोणीही म्हणेल. गंमत अशी की शरीरप्रकाराच्या तीन आकड्यांत उंचीला स्वतंत्र स्थान नाही. हे आकडे शरीराचा आकार सांगतात, आकारमान सांगत नाहीत. १६० से.मी. व १९५ से.मी. उंचीच्या दोन खेळाडूंचा शरीरप्रकार तंतोतंत सारखा असू शकतो. म्हणून केवळ शरीरप्रकार घेऊन बास्केटबॉलमधील यश-अपयश तपासणाऱ्या अभ्यासात, उंची स्वतंत्रपणे नोंदविली नसेल तर, सर्वांत प्रभावी चल बाहेरच राहते.

उंचीचे महत्त्व नाकारण्याचा येथे हेतू नाही. पंजाबातील बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग उंचीमुळेच लहानपणी लुधियानाच्या अकादमीत गेला आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या एन.बी.ए.मध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला. कौशल्य शिकवता येते, उंची शिकवता येत नाही, हे प्रशिक्षकांचे म्हणणे चूक नाही. पण त्याच एन.बी.ए.मध्ये केवळ १६० से.मी. उंचीचा मग्सी बोग्ज १९८७ पासून चौदा हंगाम खेळला. १९९४ च्या महिला विश्वअजिंक्यपद स्पर्धेतील १४ देशांच्या १६८ खेळाडूंची मापे घेण्यात आली तेव्हा गार्ड, फॉरवर्ड व सेंटर यांच्या शरीरांत स्पष्ट भेद आढळला. चेंडू खेळवत पुढे आणणाऱ्या गार्ड खेळाडू उंचीने कमी व अधिक स्नायुप्रधान होत्या, तर सेंटर अधिक उंच व कृशतेकडे झुकणाऱ्या होत्या. एकाच संघात एकापेक्षा अधिक प्रकारच्या शरीरांची गरज असते हा याचा सरळ अर्थ. संघ निवडताना आपण बहुधा एकच प्रतिमा डोळ्यांपुढे ठेवतो.

आणि रिंगची उंची तरी कोठून आली? जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हिवाळ्यात बंदिस्त व्यायामशाळेत खेळता येईल असा खेळ शोधला, तेव्हा पीच फळांच्या टोपल्या सज्ज्याच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता. तेच ३.०५ मीटर आजही जगभर कायम आहे. टोपली डोक्याच्या वर व आडवी ठेवण्यामागे नेस्मिथ यांचा विचार मात्र पक्का होता. चेंडू जोराने मारून गोल होऊ नये, तो अलगद कमानीत टाकावा लागावा. ताकदीपेक्षा कौशल्य श्रेष्ठ ठरावे म्हणून ज्या खेळाची रचना झाली, त्याच खेळात आपण पहिल्या दिवशी दंड पाहतो.

कौशल्य शिकताना शरीर काय करते :

कारक अध्ययनाच्या अभ्यासात फिट्स व पोस्नर यांनी १९६७ मध्ये सांगितलेले तीन टप्पे सर्वपरिचित आहेत. प्रथम विद्यार्थी काय करायचे ते बुद्धीने समजून घेतो, नंतर चुका कमी करीत हालचाल जुळवतो आणि अखेरीस ती विचार न करता घडू लागते. शरीराचा प्रभाव या तिन्ही टप्प्यांवर सारखा नसतो. पहिल्या टप्प्यात तो जवळजवळ नगण्य असतो. दुसऱ्या टप्प्यात सर्वाधिक. कारण येथेच विद्यार्थी आपल्या शरीराला जमेल अशी वाट शोधतो आणि ती वाट चुकीची असेल तर तिसऱ्या टप्प्यात तीच पक्की होते. कार्ल नेवेल यांनी १९८६ मध्ये मांडले त्याप्रमाणे हालचाल ही व्यक्ती, परिस्थिती व कार्य या तिघांच्या मर्यादांतून आकाराला येते. व्यक्तीचे शरीर आपण लगेच बदलू शकत नाही. चेंडू, रिंग व अंतर मात्र बदलू शकतो.

शूटिंगचे उदाहरण घेऊ. रिंगचा आतील व्यास ४५ से.मी. व पुरुषांच्या ७ क्रमांकाच्या चेंडूचा व्यास सुमारे २४ से.मी. आहे. चेंडू सरळ वरून आला तर त्याला पूर्ण ४५ से.मी.ची वाट मिळते. तो ४५ अंशांच्या कोनात उतरला तर ही वाट सुमारे ३२ से.मी. राहते. ३० अंशांच्या कोनात ती २२.५ से.मी. होते, म्हणजे चेंडूपेक्षाही अरुंद. कडेला न लागता चेंडू आत जाणे अशक्यच. म्हणून कमान आवश्यक, आणि कमानीसाठी मनगट, कोपर व पाय यांतून आलेला एकसंध जोर आवश्यक. १६० से.मी. उंचीच्या विद्यार्थ्याचा वर केलेला हात सुमारे २०८ से.मी.पर्यंत पोहोचतो. त्याला चेंडू आणखी जवळजवळ एक मीटर वर चढवून मग खाली उतरवायचा असतो. स्नायू कमी असलेला विद्यार्थी फ्री थ्रो रेषेवरून हे करू पाहतो तेव्हा जोर अपुरा पडतो. मग तो चेंडू कमरेपाशी नेतो, दोन्ही हातांनी ढकलतो किंवा डोक्यामागून फेकतो. चेंडू रिंगपर्यंत पोहोचतो, सोबती टाळ्या वाजवतात आणि चुकीची हालचाल बक्षीस मिळवून बसते. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून चेंडू फेकण्याची सवय असलेल्या मुलांत कोपर बाहेर काढण्याची चूक याला येऊन मिळते. पुढे ताकद वाढली तरी कोपर आत येत नाही.

अशा विद्यार्थ्याला अधिक फेका मारायला लावणे हा उपाय नव्हे. त्याला रिंगखाली दीड-दोन मीटरवर आणावे, एका हाताने योग्य पद्धतीने फेकू द्यावे आणि पद्धत न मोडता चेंडू पोहोचेल तेवढेच अंतर आठवड्या-आठवड्याने वाढवावे. मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर व चेंडू ५ क्रमांकाचा असतो. ही व्यवस्था लहान मुलांची म्हणून महाविद्यालयात कमीपणाची मानली जाते. परंतु अठराव्या वर्षी प्रथमच चेंडू धरणारा विद्यार्थी या कौशल्यात बालकच असतो. विद्यार्थिनींसाठी तर नियमानेच लहान व हलका, ६ क्रमांकाचा चेंडू आहे. सरावाला मात्र उपलब्ध म्हणून ७ क्रमांकाचा दिला, तर किडकिडीत मुलीला चेंडू पेलवत नाही हा आपला निष्कर्ष आपणच खरा करून दाखवतो.

मेदप्रधान विद्यार्थ्याची अडचण निराळी आहे. जागेवर उभे राहून ड्रिब्लिंग करणे, छातीजवळून पास देणे, रिंगखाली जागा अडवून रिबाउंडसाठी उभे राहणे या गोष्टी तो लवकर व चांगल्या शिकतो. वजनाचा येथे उपयोगच होतो. त्याला अडते ते थांबणे, वळणे व उडी मारणे येथे. धावत येऊन एका पायावर उसळी घेत केलेल्या ले-अपमध्ये सारे शरीर वर उचलावे लागते, आणि शरीरातील जो भाग जोर निर्माण करीत नाही त्याचेही ओझे स्नायूंनाच वाहावे लागते. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते याहून महत्त्वाची गोष्ट सरावाच्या मात्रेची आहे. वीस विद्यार्थी रांगेत उभे राहून पाळीपाळीने ले-अप करतात, चुकल्यास मैदानाची फेरी ही शिक्षा असते. अशा वेळी जड विद्यार्थी अर्ध्या तासात दमतो. उरलेल्या अर्ध्या तासात त्याची प्रत्येक उसळी दमलेल्या पायांनी घेतलेली असते, किंवा तो रांगेत मागे मागे सरकत राहतो. तासाच्या शेवटी काटक सोबत्याच्या पंचवीस चांगल्या आवृत्त्या झालेल्या असतात, याच्या आठ-दहा. सहा आठवड्यांनी दोघांची चाचणी घेऊन 'मेदप्रधान विद्यार्थी कमी शिकतात' असे लिहिणे म्हणजे एकाला ताट व दुसऱ्याला वाटी वाढून दुसऱ्याची भूक कमी आहे असे म्हणण्यासारखे आहे.

बारामती-इंदापूर भाग पर्जन्यछायेचा. ऊन कडक, मैदाने उघडी. शेवटची सोयीची एस.टी. गाठायची म्हणून सायंकाळचा सराव लवकर आटोपावा लागतो व ऊन उतरण्याआधीच सुरू होतो. उन्हाचा ताण जड शरीराला अधिक जाणवतो. त्यामुळे येथे मात्रेतील ही तफावत आणखी वाढते. छोटे गट, लहान रांगा, दर पाच-सहा आवृत्त्यांनंतर विश्रांती आणि त्या विश्रांतीत जागेवरच्या पासिंगचा सराव एवढ्याने ती बरीच कमी होते. फेरी मारण्याची शिक्षा तर पूर्णपणे बंद करण्याजोगी आहे.

स्नायुप्रधान विद्यार्थ्याबद्दल कोणी काळजी करीत नाही, आणि तीच चूक ठरते. तालमीत किंवा कबड्डीच्या मैदानावर तयार झालेले शरीर पहिल्या दिवशी उठून दिसते. तो पहिल्याच आठवड्यात लांबून चेंडू रिंगपर्यंत पोहोचवतो. पण तो पोहोचवतो ताकदीने, सपाट रेषेत. वर सांगितलेला कोनाचा हिशेब त्याला कधी भेडसावतच नाही, कारण अधूनमधून फळ्यावर आदळून चेंडू आत जातो. शिक्षक त्याच्याकडे कमी लक्ष देतात. सहा महिन्यांनंतर त्याची प्रगती खुंटते तेव्हा कारण सापडत नाही. सुरुवातीचे यश व पुढची प्रगती यांतील अंतर या विद्यार्थ्यात सर्वांत फसवे असते. याउलट खो-खो खेळलेल्या मुला-मुलींना, ती कोणत्याही बांध्याची असोत, बचावात खाली वाकून सरकणे व अचानक दिशा बदलणे आधीच अवगत असते. शरीरप्रकाराच्या कोणत्याही आकड्यात हा पूर्वानुभव दिसत नाही आणि आपल्या भागात तो मुबलक आहे.

अध्ययन मोजण्यातील अडचणी :

शारीरिक शिक्षणातील एम.फिल. व पीएच.डी.च्या प्रबंधांत या विषयाचा एक ठरीव आराखडा आढळतो. विद्यार्थ्यांचे शरीरप्रकारानुसार तीन गट, पूर्वचाचणी, सहा ते बारा आठवड्यांचे प्रशिक्षण, उत्तरचाचणी व गटांची तुलना. आराखडा वावगा नाही, परंतु चाचणी काय मोजते याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. १९३४ पासून प्रचलित असलेल्या जॉन्सन चाचणीत ३० सेकंदांत किती बास्केट झाले हे मोजले जाते. यात नेम आहेच, पण परतलेला चेंडू वेगाने झेलून पुन्हा फेकण्याची चपळाईही आहे. तिच्यातील अचूक फेकीची उपचाचणी मुलांसाठी ४० फुटांवरून आहे; तेथे ताकद नसेल तर अचूकतेची परीक्षा होतच नाही. १९८४ च्या अमेरिकी आहपर्ड चाचणीतही वेगाचा अंश मोठा आहे. अशा चाचणीत स्नायुप्रधान गट पुढे आला तर तो गट अधिक शिकला, की चाचणीच त्याच्या शरीराची होती?

दुसरी अडचण प्रारंभीच्या गुणांची. समजा, एका कृश विद्यार्थिनीचे ३० सेकंदांत २ बास्केट होते ते ७ झाले आणि स्नायुप्रधान विद्यार्थिनीचे ९ होते ते १२ झाले. उत्तरचाचणीत दुसरी पुढे आहे. शिकली मात्र पहिली अधिक. नुसती वाढ मोजली तरीही फसगत संभवते, कारण तळाशी असलेल्याला वर यायला जागा जास्त असते, आणि पहिल्या दिवशी योगायोगाने फार कमी गुण मिळालेला विद्यार्थी पुढच्या वेळी काही न शिकताही थोडा वर येतोच. म्हणून पूर्वचाचणीचे गुण सहचल म्हणून विचारात घेणारी अ‍ॅन्कोव्हा ही पद्धत वापरणे, उंची स्वतंत्र चल म्हणून नोंदविणे, आणि विद्यार्थ्यांना तीन कप्प्यांत न टाकता शरीरप्रकाराचे तिन्ही आकडे जसेच्या तसे विश्लेषणात घेणे, हे किमान अपेक्षित आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्यक्षात किती आवृत्त्या केल्या याची नोंद ठेवलेली असेल तर त्या अभ्यासाचे मोल कितीतरी वाढेल.

तिसरी गोष्ट म्हणजे कामगिरी व अध्ययन यांतील फरक. सरावाच्या अखेरच्या दिवशी दिसते ती कामगिरी. मध्ये खंड पडल्यानंतर जे टिकते ते अध्ययन. शी व मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की एकच हालचाल सलग घोकणारा गट सरावात पुढे असतो, पण निरनिराळ्या हालचाली मिसळून सराव करणारा गट काही काळानंतरच्या चाचणीत त्याला मागे टाकतो. शरीराच्या बळावर मिळालेले यश व खरोखर शिकलेले कौशल्य वेगळे करण्यासाठी अशी धारणचाचणी हे आपल्या हातातील सर्वांत स्वस्त साधन आहे.

श्रेयांक व मूल्यमापन :

आता हा प्रश्न संघनिवडीपुरता उरलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या शासन निर्णयातील पदवी आराखड्यात सह-अभ्यासक्रम या घटकाखाली क्रीडा, योग, राष्ट्रीय सेवा योजना आदींना श्रेयांक देण्यात आले आहेत. ज्याने कधी संघात यायचा विचारही केला नाही असा वाणिज्य शाखेचा स्थूल विद्यार्थी किंवा विज्ञान शाखेची अशक्त विद्यार्थिनी यांच्या गुणपत्रकातही मैदानावरचा गुण येऊ शकतो. ३० सेकंदांतील बास्केट मोजून तो गुण दिला तर आपण बऱ्याच अंशी त्यांच्या शरीरालाच गुण देत असतो. गणिताच्या शिक्षकाने उंचीवरून गुण दिले असते तर इतर विभागांनी ते चालवून घेतले नसते.

बारामती व इंदापूरच्या महाविद्यालयांना यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. पहिल्या सत्राच्या आरंभी उंची, वजन व शक्य तेथे त्वचाघडी नोंदवावी. पहिली चाचणी रिंगखाली, दीड मीटरवरून, वेळेचे बंधन न ठेवता दहा फेकांची घ्यावी व तीत बास्केटबरोबर पद्धतीलाही गुण द्यावेत. दुसरी चाचणी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी घ्यावी. तीन आठवडे विद्यार्थी आपापल्या गावी असतात, बहुतेकांच्या हाती चेंडू नसतो. सुट्टी संपून ते परत येतील त्या पहिल्या दिवशी, सरावाचा एकही चेंडू टाकण्याआधी, तीच चाचणी तिसऱ्यांदा घ्यावी आणि वर्षाचा गुण व संघाची निवड या तिसऱ्या रकान्यावरून करावी.